ग्रंथालयात सोबत हवी

आपल्यातील कितीतरी मुले-मुली घरातून कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच असतात. फी भरली, वह्या-पुस्तके आणली की अम्मी-अब्बांना वाटते, आता काळजी मिटली. पण पहिला प्रकल्प आला की खरी अडचण कळते. ग्रंथालयाचे कार्ड खिशात असते, पुस्तक शोधायचे कसे हे ठाऊक नसते. ग्रंथपालांना विचारायचा संकोच वाटतो. मग मोबाईलवर सापडेल तो मजकूर जसाच्या तसा उतरवला जातो.

अशा वेळी एक-दोन वर्षे पुढे असलेली आपा किंवा भाईजान उपयोगी पडतात. कालपर्यंत तेही तिथेच अडत होते, म्हणून त्यांना विचारायला लाज वाटत नाही. अमेरिकेतील काही विद्यापीठांत तर ग्रंथपाल अशा विद्यार्थ्यांना रीतसर शिकवून धाकट्यांच्या मदतीला बसवतात.

शिकवायचे काय? आधी पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक. आपल्याकडील अनेक ग्रंथालयांत 1876 साली निघालेली ड्युई पद्धत चालते. तीत 297 म्हणजे इस्लाम, 891.46 म्हणजे मराठी साहित्य, तर 891.439 म्हणजे उर्दू. एक पुस्तक सापडले की त्याच विषयाची इतर पुस्तके शेजारीच मिळतात. मग पुस्तकाच्या शेवटची संदर्भसूची पाहावी; एक पुस्तक दहांचा पत्ता सांगते. वरच्या वर्गातल्यांनी ‘शोधगंगा’ दाखवावी. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे हजारो प्रबंध तिथे मोफत वाचता येतात. आणि वाचताना लेखक, पुस्तक, वर्ष, पान लगेच वहीत टिपावे.

मात्र एक पथ्य पाळावे: धाकट्याचे काम स्वतः करून देऊ नये. शेल्फपर्यंत सोबत जावे, पुस्तक त्यालाच काढू द्यावे.

पालकांसाठीही एक गोष्ट. मुलगी ग्रंथालयात दोन तास जास्त थांबते म्हटले की घरात प्रश्न सुरू होतात आणि तिचे जाणेच बंद होते. त्याऐवजी मोहल्ल्यातल्या दोघी-तिघींनी मिळून जावे. सोबत असली की घरही निश्चिंत राहते, अभ्यासही होतो.

तुमच्या घरात कोणी शेवटच्या वर्षाला असेल, तर येत्या शनिवारी शेजारच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला बरोबर न्यायला सांगा. तेवढ्याने सुरुवात होईल.