अनुभवी डेव्हलपरला बिघडलेला कोड द्या

प्रति,
प्रशिक्षण विभागप्रमुख आणि डिलिव्हरी प्रमुख,
पुणे व नवी मुंबईतील सॉफ्टवेअर कंपन्या



बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जुन्या-नव्या जावा प्रणाली सांभाळणारी कितीतरी माणसं हिंजवडी, खराडी, ऐरोलीत काम करतात. त्यांतल्या अनुभवी मंडळींना एंटरप्राइज जावाबीन्स, म्हणजे आपलं ईजेबी, शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. आठ-दहा वर्षं कोड लिहिलेल्या या लोकांसाठी तुमच्याकडून जो अभ्यासक्रम येतो, तो बदला, एवढं मागण्यासाठी हे पत्र.

आजच्या अभ्यासक्रमात पहिला दिवस ‘बीन म्हणजे काय’ यात जातो. मग स्टेटलेस आणि स्टेटफुल यांतला फरक, मग ॲनोटेशनची यादी, आणि शेवटी बहुपर्यायी परीक्षा. फ्रेशरच्या बॅचला दाखवतात त्याच स्लाइड्स. १९९८ साली ईजेबीची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून २.१ पर्यंत एका बीनसाठी होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, बीनचा वर्ग आणि वर डिस्क्रिप्टर असा पसारा लिहावा लागे. तेव्हा नुसतं लिहायला शिकण्यात दिवस गेले तर ते समजण्यासारखं होतं. २००६ मध्ये ३.० आलं आणि वर्गावर एक ॲनोटेशन लिहिलं की काम भागू लागलं. अनुभवी माणूस ते चहाच्या सुट्टीआधी शिकतो. लिहायचं कमी झालं, पण कंटेनर आपल्या माघारी जे करतो ते कमी झालेलं नाही. प्रशिक्षण त्याचं हवं.

एक उदाहरण देते. पैसे हस्तांतराची एक मेथड आहे. व्यवहार फसला तरी प्रयत्नाची नोंद ऑडिट टेबलात राहिली पाहिजे, अशी अट आहे. डेव्हलपर नोंदीच्या मेथडवर ‘रिक्वायर्स न्यू’ लिहितो, म्हणजे तिला स्वतःचं वेगळं ट्रान्झॅक्शन मिळेल. दोन्ही मेथड एकाच बीनमध्ये असल्यामुळे तो दुसरीला सरळ नावाने बोलावतो. कोड कंपाइल होतो. युनिट टेस्टमध्ये वर्ग थेट ‘न्यू’ करून घेतलेला असतो, तिथे कंटेनरच नसतो, म्हणून टेस्टही पास होते. पुढे प्रॉडक्शनमध्ये हस्तांतर खरोखर फसतं, रोलबॅक होतो आणि त्याच्याबरोबर ऑडिटची नोंदही जाते. कंटेनर ट्रान्झॅक्शनची व्यवस्था लावतो ती प्रॉक्सीतून आलेल्या कॉलवर. बीनने स्वतःच्याच मेथडला केलेला कॉल प्रॉक्सीपर्यंत पोचतच नाही. नोंदीची मेथड वेगळ्या बीनमध्ये नेली की अट पाळली जाते. पण मग पहिल्या ट्रान्झॅक्शनने धरलेलं कनेक्शन तसंच अडकून राहतं आणि दुसरं घ्यावं लागतं, त्यामुळे गर्दीच्या वेळी कनेक्शन पूल रिकामा होऊ शकतो. हे दोन्ही एकाच बैठकीत, स्वतः चालवून बघायला हवं.

एक्सेप्शनचंही तसंच. खात्यात शिल्लक नाही म्हणून चेक्ड एक्सेप्शन फेकलं, तर कंटेनर आपणहून रोलबॅक करत नाही. आधी झालेला बदल कमिट होऊन बसतो. रनटाइम एक्सेप्शनवर मात्र रोलबॅक ठरलेला. आतल्या बीनमधून, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, असं एक्सेप्शन आलं आणि बाहेरच्याने ते पकडून काम पुढे रेटलं, तरी तोवर ट्रान्झॅक्शनवर रोलबॅकची खूण झालेली असते. मग कमिटच्या वेळी प्रत्यक्षात रोलबॅक होतो, मूळ कारणापासून लांब. रात्री लॉग चाळत बसलेल्या माणसाचे तास इथे जातात. सिंगलटन बीनला काही सांगितलं नाही तर प्रत्येक मेथडला राइट लॉक लागतो आणि नुसतं वाचायला आलेलेही रांगेत उभे राहतात, ही त्याच जातीची आणखी एक गोष्ट.

‘ईजेबी जुनं झालं, त्यावर खर्च कशाला,’ असं तुमच्या बैठकांत विचारलं जातं. रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये आपल्या पुस्तकात त्या काळच्या पद्धतीवर कठोर टीका केली आणि त्याच पुस्तकातल्या कोडमधून पुढे स्प्रिंग उभं राहिलं. ती टीका रास्त होती असंच माझं मत आहे. पण स्प्रिंगचं ट्रान्झॅक्शनही मुळात प्रॉक्सीवरच चालतं, स्वतःच्या मेथडला केलेला कॉल तिथेही निसटतो, आणि चेक्ड एक्सेप्शनवर तिथेही आपोआप रोलबॅक होत नाही. ईजेबीत हे नीट कळलेला माणूस स्प्रिंगमध्ये अडत नाही.

शिवाय स्थलांतराची कामं आता तुमच्याच दारात आली आहेत. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं आणि २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची नावं ‘जावाएक्स’ची ‘जकार्ता’ झाली. नावं बदलायला टूल पुरतं. जुन्या एंटिटी बीनमध्ये अडकलेला कोड मात्र जेपीएत नव्याने लिहावा लागतो आणि तो लिहिणाऱ्याला २.१ चा डिस्क्रिप्टर वाचता आला पाहिजे. म्हणून जुनी आवृत्ती अभ्यासक्रमातून काढू नका. लिहिण्यापुरती नको, वाचण्यापुरती ठेवा.

आता वेळेबद्दल, आणि इथे मला डिलिव्हरी प्रमुखांशी बोलायचं आहे. तुम्ही माणूस प्रशिक्षणाला पाठवता, पण प्रोजेक्टमधून सोडत नाही. लॅब ऐन रंगात असताना त्याचा फोन वाजतो, तो कोपऱ्यात जाऊन सपोर्ट कॉल घेतो आणि परत येईपर्यंत बाकीचे पुढे गेलेले असतात. संध्याकाळी त्याच्याकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतला जातो. शिकायची खरी ओढ असलेली ही माणसं आहेत. त्यांच्यावर हा अन्याय आहे. तेवढे दिवस त्याच्या जागी दुसऱ्याला बसवा आणि प्रशिक्षणाचे तास बिलेबल धरता येणार नाहीत हे क्लायंटशी आधीच बोलून ठेवा.

पुढच्या बॅचसाठी माझी मागणी अशी: बहुपर्यायी परीक्षा काढून टाका. त्या जागी दोन डेटाबेस, एक मेसेज क्यू आणि मुद्दाम बिघडवलेलं एक ॲप्लिकेशन द्या. जोडीजोडीने बसवा, लोड टाका, काय फुटलं ते लॉगमधून शोधू द्या, आणि प्रत्येकाला आपलं कारण सगळ्यांसमोर मांडू द्या. ट्रेनर निवडताना त्याने प्रॉडक्शन सांभाळलं आहे का, हे सर्टिफिकेटच्या आधी विचारा. क्लायंटची माहिती काढून टाकलेली, तुमच्याच प्रोजेक्टमधली चार-पाच जुनी टिकेटं बॅच सुरू होण्याआधी ट्रेनरच्या हाती द्या. लॅब त्यांवरूनच बांधता येईल.

आपली,
एक ईजेबी प्रशिक्षक