गो-अराउंड म्हणजे हार नव्हे!

विमान उतरवण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती? चाकं अलगद टेकवणं? माझ्या मते नाही. 'आत्ता उतरायचं नाही' हे वेळेत ठरवणं जास्त अवघड. आमच्या अंतरवाली सराटीहून जवळचं विमानतळ म्हणजे चिकलठाणा. तिथं एखादं विमान उतरता उतरता परत वर गेलं, की लोक म्हणणार, "पायलट नवीन दिसतोय!" खरं तर उलट आहे.

विमान साधारण ३ अंशाच्या उतारानं धावपट्टीकडे येतं. ढगाळ हवेत १००० फुटांवर, स्वच्छ हवेत ५०० फुटांवर सगळं जागेवर पाहिजे: चाकं खाली, फ्लॅप्स बरोबर, वेग मर्यादेत, खाली येण्याचा दर मिनिटाला १००० फुटांच्या आत, चेकलिस्ट पूर्ण. हा स्टेबल ॲप्रोच. यातलं एक जरी बिघडलं तर वर जायचं आणि फिरून पुन्हा यायचं. हा गो-अराउंड. नियम इतका सोपा! तरी फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात दिसलं, की अस्थिर ॲप्रोचपैकी जेमतेम ३ टक्के वेळा वैमानिक वर जातात. बाकीचे बहुतेक सुखरूप उतरतात, आणि तिथंच घात होतो. "मागच्या वेळी जमलं होतं की!"

७ ऑगस्ट २०२०, कोझिकोड. कॅप्टन दीपक साठे नागपूरचे, हवाई दलात घडलेले, दहा हजारांहून जास्त तास उडालेले. भर पावसात पहिल्या खेपेला त्यांनी विमान वर नेलं. दुसऱ्या खेपेला वारा पाठीमागून होता. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फूट पुढे टेकलं. चौकशी अहवालानुसार ॲप्रोच अस्थिर होता आणि को-पायलटनं 'गो अराउंड' म्हटलं होतं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. मंगळूरला २२ मे २०१० रोजी १५८ जण गेले, तिथंही को-पायलट तेच सांगत होता.

साठे सरांच्या अनुभवावर बोट ठेवायची माझी लायकी नाही. पण ज्युनियरचा शब्द वाया जातो, हे आपल्या हॉस्टेललाही लागू आहे. डेमोच्या आदल्या रात्री सर्किट तापतंय हे एस.ई.च्या पोराला दिसतं, पण बी.ई.च्या दादासमोर बोलणार कोण? आणि कोणी थांबलाच, तर "घाबरला का रे?" ठरलेलं.

म्हणून एक नियम करूया. ग्रुपमधलं कोणीही 'थांबा' म्हणालं, की आधी थांबायचं, वाद नंतर घालायचा. आणि सरांना विनंती: उशिरा पण बरोबर आलेल्या प्रोजेक्टचे मार्क कापू नका. वर गेलेलं विमान पुन्हा उतरतंच!

– टी.ई. मेकॅनिकल