देखाव्यातलं जंगल आणि दाव्यातलं जंगल



सप्टेंबर २०१९ मध्ये ऑस्ट्रिया देशातल्या क्लागेनफुर्ट शहरात क्लाउस लिटमान या कलावंताने फुटबॉलच्या मैदानात २९९ झाडं उभी केली. लोक पायऱ्यांवर बसून जंगल बघत होते. उद्या झाड बघायलासुद्धा असंच प्रदर्शनात जावं लागेल, असा त्याचा इशारा. ते प्रदर्शन चालू असतानाच, ऑक्टोबरात, इकडे गोरेगावच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीच्या करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती.

असे देखावे आता मुंबईतही होतात. त्यांना आमचा विरोध नाही. शहरातल्या माणसाला हळहळ वाटली तर चांगलंच. पण देखाव्यात झाडं असतात, पाखरं असतात, वाघ असतो. जंगलात राहणारा माणूस बहुतेक वेळा नसतोच. असला तर हातात कुऱ्हाड घेतलेला. हेच चित्र साहेबाच्या डोक्यात बसलं की आपण आपल्याच रानात अतिक्रमणवाले ठरतो. तुंगारेश्वर अभयारण्य झालं २००३ साली. त्याच्या अंगाखांद्यावरचे आपले पाडे कितीतरी आधीचे आहेत.

आपणही जंगलाचं चित्र काढतोच. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. मधे पालघाट देवी, भोवती झाडं, जनावरं आणि माणसं, सगळी एकाच भिंतीवर. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं परदेशात नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज वसई-विरारच्या बिल्डिंगांच्या भिंतींवरही वारली चित्रं दिसतात. चित्र सगळ्यांना पाहिजे. चित्रातल्या माणसाच्या नावावर जमीन करायची म्हटली, की फाईल हलत नाही.

म्हणून आपलं जंगल आपणच मांडलं पाहिजे, आणि ते ग्रामसभेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने जागेची पाहणी आणि नकाशा करायचं काम आपल्याच वनहक्क समितीला दिलंय. त्या नकाशात देवाची जागा, पाणवठा, मोहाची झाडं, कंद खणायची टेकडी, गुरांची वाट, स्मशान, सगळं आलं पाहिजे. दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, आणि म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावाच आहे. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून उठवता येत नाही. कलम ४(५) वाचून दाखवा.

भात झोडून झालं की प्रत्येक पाड्याने आजा-आजींना संगं घेऊन हद्द फिरावी. त्या खुणा ज्यांना ठाऊक आहेत ते थकत चालले आहेत. त्यांचे जबाब लिहून घ्या, अंगठे घ्या, ग्रामसभेचा ठराव करा, दावा दाखल करून शिक्क्याची पोच घ्या. पोच नसेल तर दावा दिलाच नाही म्हणतील.

मैदानातली झाडं प्रदर्शन संपल्यावर दुसरीकडे नेऊन लावता आली. आपले पाडे तसे उचलून लावता येत नाहीत.

जंगल जमीन आमच्या हक्काची!