परदेश-सहलीचा हिशेब आणि पंचांग

उन्हाळी सुट्टीला अद्याप अवकाश असतानाच वृत्तपत्रांची पाने सहल-कंपन्यांच्या जाहिरातींनी भरू लागतात आणि मध्यमवर्गीय घरांतील रात्रीच्या पंगतीला एका नव्या विषयाची भर पडते. शेजारचे युरोप पाहून आले, कचेरीतले कुणी जपानला निघाले. मग आपणच का नाही? या प्रश्नात हेव्याचा अंश असेलही, परंतु तो केवळ हेवा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'फेरा' या १९७३ च्या कायद्याच्या अमदानीत परकीय चलन रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मोजूनमापून मिळे, आणि बहुसंख्य मराठी माणसांनी जपान पाहिला तो पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'च्या पानांतून. तो कायदा जाऊन २००० साली 'फेमा' अमलात आला. २००४ साली बँकेने व्यक्तीला बाहेर रक्कम पाठविण्याची मुभा दिली, ती पंचवीस हजार डॉलरांची होती. आज ती वर्षाला अडीच लाख डॉलरांपर्यंत आहे. सरकारची आडकाठी अशी दूर झाली. उरली आहे ती खिशाची.

खिशाचा विचार करताना आपल्याकडे एक समजूत पक्की झालेली दिसते: देश जितका दूर, तितकी सहल महाग. ही समजूत अर्धीच खरी आहे. विमानाचे भाडे अंतराने वाढते हे कबूल. पण ते एकदाच द्यावयाचे असते. कुटुंबाचे अंदाजपत्रक कोसळते ते त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत, आणि त्याचे कारण बहुधा दोनच गोष्टींत सापडते. एक, चुकीचे दिवस. दुसरी, अनाठायी धावपळ. जपानचेच उदाहरण घेऊ, कारण गेल्या काही वर्षांत येन स्वस्त झाल्याने आपल्याकडून तिकडे जाणारांचा ओघ वाढला आहे. २०२४ साली एका डॉलरला एकशे साठ येन मोजावे लागले. १९८६ नंतर येन इतका खाली कधी आला नव्हता. आपल्या रुपयांत बोलायचे तर गेली काही वर्षे एक येन साठ पैशांच्या आसपास घोटाळत आहे.

आता दिवसांची गोष्ट. जाहिरातींतला जपान हा नेहमी चेरीच्या बहराचा जपान असतो. तोक्योत हा बहर साधारण मार्चच्या अखेरीस येतो आणि एप्रिलच्या आरंभी ओसरतो. त्या दिवसांत आपल्याकडे परीक्षांचा हंगाम असतो आणि तिकडे खोल्यांचे भाव वर्षातल्या चढत्या भावांत मोडतात. हा बहर हुकला म्हणून जी मंडळी मे महिन्याकडे वळतात, ती १ मेचे झेंडावंदन आटोपून पहिले विमान गाठतात आणि नेमकी जपानी लोकांच्या 'गोल्डन वीक'मध्ये सापडतात. २९ एप्रिल, मग ३, ४ आणि ५ मे अशा सरकारी सुट्ट्यांची तेथे माळ लागते आणि अवघा जपान घराबाहेर पडतो. गाड्या भरलेल्या, खोल्या महाग, देवळांपुढे रांगा. आपल्याकडे दिवाळीच्या आठवड्यात कोकणात जाऊ पाहणाऱ्याची जी गत होते, तीच या पाहुण्याची होते. फरक इतकाच की तो त्यासाठी हजारो मैलांवरून पैसे मोजून आलेला असतो.

हाच प्रवासी आठवडाभर थांबला तर? गोल्डन वीक सरल्यावर तेथील घरगुती प्रवासाची लाट ओसरते, भाव खाली येतात आणि जूनमध्ये 'त्सुयू'चा पाऊस सुरू होईपर्यंत तीनचार आठवडे हवा सुखाची असते. सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो. मुलांना लवकर उठविण्याची ज्यांना हौस आहे त्या आजोबांना यासारखा देश नाही! आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी एरवी सर्वांना एकाच वेळी विमानतळावर लोटते, म्हणून तिला दूषणे दिली जातात. पण जपानच्या बाबतीत तिचा उत्तरार्ध अगदी चपखल बसतो. प्रवासाची तारीख ठरविताना आपले पंचांग पाहावे तसे यजमानांचेही पाहावे, एवढी साधी गोष्ट किती घरांत केली जाते?

दुसरा दोष धावपळीचा. बारा दिवसांत आठ शहरे पाहिल्याचा अभिमान बाळगणाऱ्या कुटुंबाने त्यातले किती तास गाडीत आणि किती तास सामानाच्या बांधाबांधीत गेले याचा कधी हिशेब मांडला आहे काय? 'जपान रेल पास' घ्याच, असा सल्ला जुने प्रवासी अजूनही देतात. २०२३ च्या ऑक्टोबरपूर्वी तो शहाणपणाचा होता. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला मिळे. त्या महिन्यात तो ५०,००० येनवर गेला. तोक्यो ते क्योतो या शिंकान्सेनचे एका वाटेचे तिकीट मात्र सुमारे चौदा हजार येनच आहे. आई, वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे चौकोनी कुटुंब धरा. सहा ते अकरा वयाला अर्धे भाडे, म्हणजे साडेतीन तिकिटे झाली. पासांचा खर्च १,७५,००० येन. त्याऐवजी विमानाने तोक्योत उतरावे, परतीचे विमान ओसाकाहून धरावे आणि मधली वाट एकदाच आगगाडीने कापावी; खर्च ४९,००० येन. दोहोंतील फरक रुपयांत पाऊण लाखाच्या घरात जातो. बैठक न मोडता कागद-पेन्सिलीने वाचविता येतील असे हे पैसे आहेत.

दोनच शहरांत मुक्काम केला म्हणजे पाहावयाचे कमी पडते असेही नाही. तोक्योहून कामाकुरा तासाभरावर आहे, निक्को दोन तासांवर. क्योतोहून नारा तर हाकेच्या अंतरावर. तोक्योचे सेन्सो-जी, क्योतोचे फुशिमी इनारी आणि नाराच्या उद्यानातली हरणे यांना तिकीट नाही. मुक्कामाची जागा निवडताना एक ध्यानात ठेवावे: तेथील पुष्कळ हॉटेले खोलीमागे नव्हे, माणसामागे भाडे आकारतात, आणि खोल्या अशा की दोन पेट्या उघडल्या की चालायला जागा उरत नाही. तातामी चटईवर गाद्या घालून चौघांनी निजायची खोली किंवा छोट्या ओट्याची सदनिका कुटुंबाला अधिक सोयीची. जमिनीवर गाद्या अंथरून झोपण्याचे आपल्याला काही नवल नाही.

ओट्याचे महत्त्व शाकाहारी घरांना अधिक कळेल. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला 'दाशी' हा रस्सा बहुधा वाळविलेल्या बोनितो माशापासून करतात, त्यामुळे वरवर शाकाहारी दिसणाऱ्या वाडग्यातही मासा असतो. तांदूळ कोठेही मिळतो. डाळी-मसाल्यांसाठी तोक्योच्या एदोगावा भागात भारतीयांची वस्ती आहे; महाराष्ट्रातून तेथे जाऊन स्थायिक झालेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली त्याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले. मेतकूट आणि चटणी सोबत न्यावी. हापूसची पेटी मात्र नेऊ नये. फळमाशीच्या भीतीने घातलेली भारतीय आंब्यावरील बंदी जपानने २००६ साली उठविली, ती प्रक्रिया केलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या फळासाठी. मामांसाठी पिशवीत घातलेल्या डझनासाठी नव्हे.

आता पैसा उभा कसा करावयाचा, हा कळीचा प्रश्न. 'आधी फिरा, मग भरा' असे सांगणाऱ्या हप्त्यांच्या योजना सध्या फार बोकाळल्या आहेत. घरासाठी कर्ज काढावे, शिक्षणासाठी काढावे. पण सुट्टीच्या आठवणी फिक्या पडू लागल्यावरही ज्याचे हप्ते चालूच राहतात ते कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन वर्षांची आवर्ती ठेव हा कंटाळवाणा मार्ग खरा, पण त्या दोन वर्षांत मुलांनाही या सहलीचे मोल कळते आणि बाहेरचे एखादे जेवण ती स्वतः होऊन नाकारतात. शिवाय ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनीने आगाऊ कर गोळा करून सरकारजमा करण्याचा नियम आहे. त्याचे दर मधल्या काळात बदलत आले, म्हणून पैसे भरण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावा. ही रक्कम विवरणपत्रात वळती होते, बुडत नाही. पण तोवर ती अडकून पडते, आणि काठावर बेतलेल्या अंदाजपत्रकाला तेवढेही जड जाते.

सहल-कंपन्यांची सरसकट निंदा करण्याचा येथे हेतू नाही. वृद्ध आईवडिलांना घेऊन निघालेल्यांना बरोबर मराठी बोलणारा व्यवस्थापक आणि संध्याकाळी गरम वरणभात मिळणे ही मोठीच निश्चिंती आहे, तिचे दाम मोजण्यात गैर काही नाही. तसेच स्वतः आखणी करणाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वस्त तिकिटे जोडण्याचा मोह टाळावा. मुंबईचे विमान उशिरा पोहोचून बँकॉकचे सुटले, तर दुसरी कंपनी हात वर करते, आणि लहान मुलांसह परक्या विमानतळावर नवी तिकिटे काढताना सारी बचत एका रात्रीत धुऊन निघते. एकाच तिकिटावर, एका थांब्याने जावे. चार पैसे जास्त पडले तरी पडोत.

आणि एखादा दिवस मोकळा उरलाच, तर तो ओकायामाला द्यावा. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतले, ते तीनशे वर्षांहून जुने कोराकुएन त्या गावी आहे. क्योतोहून वेगवान गाडीने तेथे जावयास तासाभराहून फारसा अधिक वेळ लागत नाही, आणि पुण्यातल्या मुलाला तेथले तळे, टेकडी आणि हिरवळ ओळखीची वाटेल.