गर्भाची सुरक्षा आणि नोकरीची शाश्वती

नवी मुंबईसाठी पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या गावांच्या जमिनी 1970 नंतर संपादित झाल्या आणि शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांना नोकरीची वाट धरावी लागली. भोवतालच्या नव्या शहरात स्त्रियांना जी कामे उपलब्ध झाली, त्यांत रुग्णालयांतील व क्ष-किरण केंद्रांतील कामांचाही समावेश होतो. अशा ठिकाणी काम करणारी स्त्री गर्भवती राहिल्यास तिच्या व गर्भाच्या सुरक्षिततेचे काय, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही; तो अर्थकारणाचाही आहे.

1983 साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक स्पष्ट आहे. किरणोत्सर्गाच्या क्षेत्रातील कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टपर्यंत मात्रा चालते. मात्र स्त्रीने गर्भधारणा कळविल्यानंतर गर्भाला मिळणारी मात्रा 1 मिलिसिव्हर्टपलीकडे जाता कामा नये. निसर्गातूनच माणसाला वर्षाकाठी सरासरी सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, हे लक्षात घेता ही मर्यादा कडक म्हटली पाहिजे. योग्य आडोसा व दक्षता असेल तर काम सोडण्याचे कारण सहसा उरत नाही.

उणीव आहे ती ‘कळविल्यानंतर’ या शब्दात. गर्भाचे अवयव मुख्यतः तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात. छातीवरील मात्रामापक बिल्ला मात्र सामान्यतः तीन महिन्यांनी तपासला जातो. म्हणजे सारी भिस्त स्त्रीने वेळीच सांगण्यावर. पण जिची नेमणूक कंत्राटी आहे, तिने सांगावे तरी कोणत्या भरवशावर? 2017 साली प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली. परंतु राज्य विमा योजनेबाहेर तिचा खर्च एकट्या मालकावर पडतो, आणि दहांहून कमी नोकर असलेली लहान केंद्रे त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. सांगितले तर नोकरी जाण्याचे भय, न सांगितले तर गर्भाला धोका, अशा पेचात मौन पाळले गेले तर दोष त्या स्त्रीचा नव्हे.

अर्थात, स्त्रियांना अशी कामेच देऊ नयेत, हा उपाय नव्हे. शिशाच्या बॅटऱ्यांच्या कारखान्यातील अशी बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच बेकायदा ठरविली. गर्भधारणा कळविताच पूर्ण वेतनावर कामात बदल, दरमहा बिल्ल्याची तपासणी आणि प्रसूतीच्या खर्चाची सामायिक विम्यातून तरतूद, एवढे झाले तरच कागदावरचा दंडक गर्भापर्यंत पोहोचेल.