जीप प्रकरण आणि लोकसभेने सोडून दिलेला हिशेब

‘स्वतंत्र भारताचा पहिला घोटाळा’ या मथळ्याखाली जीप प्रकरण दर काही महिन्यांनी समाजमाध्यमांवर फिरते. मजकूर ठरलेला असतो : एका बाजूने कृष्ण मेनन यांची निंदा, दुसऱ्या बाजूने त्यांचा बचाव. हा धागा दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे. परदेशातील भारतीय कचेरीने केलेल्या खर्चाचा जाब लोकसभा विचारू शकते की नाही, हा त्या प्रकरणातला खरा प्रश्न होता. १९५५ साली त्याचे उत्तर ‘नाही’ असे मिळाले आणि सभागृहाने ते पचवले.

आधी घटनाक्रम. १९४८ मध्ये काश्मीरचे युद्ध चालू होते आणि सैन्याला वाहनांची निकड होती. लंडनच्या उच्चायुक्तालयामार्फत जीपखरेदीचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार झाला. उच्चायुक्त मेनन होते. सरकारी खरेदीसाठी लंडनमध्ये ‘इंडिया स्टोअर डिपार्टमेंट’ हे खाते पूर्वीपासून होते, खरेदीचे नियमही होते. ते शिरस्ते डावलले गेले. बरीचशी रक्कम आगाऊ दिली गेली. प्रत्यक्षात आल्या १५५ जीपा, त्याही १ जानेवारी १९४९ ची युद्धबंदी होऊन गेल्यावर, आणि सैन्याच्या दृष्टीने निरुपयोगी.

बचावकर्ते येथे मेनन यांच्या साध्या राहणीचा दाखला देतात. तो खराही आहे, पण गैरलागू आहे. प्रामाणिक माणसाच्या हातूनही सार्वजनिक पैसा बुडू शकतो, म्हणून तर हिशेबतपासणीची व्यवस्था असते. ती केवळ चोर पकडण्यासाठी असती, तर पोलीस पुरेसे होते.

आता गुंता पाहावा. गरज संरक्षण खात्याची, सही उच्चायुक्तांची, आणि परराष्ट्र खाते खुद्द पंतप्रधानांकडे. नेहरूंनी ते १९४७ पासून १९६४ पर्यंत स्वतःकडेच ठेवले. परिणामी उच्चायुक्तालयाच्या एखाद्या पावतीविषयी प्रश्न विचारणे म्हणजे नेहरूंवर अविश्वास दाखवणे, असा अर्थ आपोआप होऊ लागला. लोकलेखा समितीचे श्रेय याच पार्श्वभूमीवर मोजावे. तिचे अध्यक्षपद त्या काळी सत्ताधारी पक्षाकडेच असे. विरोधी सदस्याला ते देण्याचा प्रघात १९६७ साली मिनू मसानी यांच्यापासून पडला. तरीही समितीने या व्यवहारावर बोट ठेवले आणि प्रकरण वर्षानुवर्षे धरून ठेवले.

३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारच्या दृष्टीने विषय संपल्याचे जाहीर केले. न्यायालयीन चौकशी होणार नव्हती. विरोधकांचे समाधान होत नसेल तर त्यांनी हा निवडणुकीचा मुद्दा करावा, असेही त्यांनी सुनावले. चार महिन्यांनी, फेब्रुवारी १९५६ मध्ये, मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले.

निवडणुकीचा मुद्दा करा! हे उत्तर लोकशाहीचे वाटते. प्रत्यक्षात ते लोकशाहीला बगल देणारे आहे. मतदार पावत्या तपासू शकत नाही, कराराची कलमे वाचू शकत नाही, अधिकाऱ्याला साक्षीला बोलावू शकत नाही. हे सर्व त्याच्या वतीने करण्यासाठीच समिती असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ नुसार लोकसभा अनुदानाची मागणी नाकारू शकते, तिच्यात कपातही करू शकते. एवढे हत्यार हाती असलेल्या सभागृहाने मंत्र्याच्या एका निवेदनावर हिशेब मिटू दिला.

याच्याशी आणखी मागचे एक उदाहरण ताडून पाहावे. १९०९ च्या सुधारणांनंतरच्या केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांना अंदाजपत्रकावर मत देण्याचाही अधिकार नव्हता. ठराव मांडता येई, पण तो सरकारवर बंधनकारक नसे. तरी २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव मांडला, सरकारला तो स्वीकारावा लागला आणि १ जुलै १९११ पासून ती पाठवणी बंद झाली. मार्च १९१२ मध्ये संपूर्ण पद्धतच बंद करण्याचा त्यांचा ठराव सरकारी बहुमताने फेटाळला गेला. भरती अखेर १९१७ साली थांबली. तोवर गोखल्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. परदेशातल्या मजुराचे काय होते, हा प्रश्न त्यांनी सरकारच्याच आकड्यांनिशी सरकारपुढे ठेवला. ज्यांना अधिकार नव्हता त्यांनी विचारले. ज्यांना होता त्यांनी सोडून दिले.

पुढची कथा १९९० ची. कुवेतवर इराकचे आक्रमण झाले आणि लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आले. २०१६ साली ‘एअरलिफ्ट’ चित्रपट आला, त्यातल्या उदासीन वकिलातीच्या चित्रणावर परराष्ट्र खात्याने आक्षेप घेतला, आणि श्रेय उद्योजकाचे की अधिकाऱ्यांचे यावर तरुण मंडळी आठवडाभर भांडली. पुन्हा तोच व्यक्तींचा खेळ. त्या काळी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली मजुरांना बाहेर जाण्याची परवानगी देणारी यंत्रणा श्रम मंत्रालयाकडे होती, तर ते संकटात सापडल्यावर धावून जाणारी वकिलात परराष्ट्र खात्याची, हे फारसे कोणी सांगितले नाही. पाठवणारा एक, सांभाळणारा दुसरा. जीपांच्या वेळची फट तशीच होती, फक्त आता तिच्यात वाहनांऐवजी माणसे होती.

येथे ठरावीक आक्षेप येतो : परराष्ट्र व्यवहार नाजूक, सगळे उघड करता येत नाही. वाटाघाटींपुरते हे मान्य. परंतु आखातातल्या एका वकिलातीत मजुरांच्या तक्रारी ऐकायला किती कर्मचारी आहेत, त्यांतल्या किती जणांना अरबी येते, मृतदेह घरी पोहोचायला किती दिवस लागतात, यात गुपित कसले? २००९ साली सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधीही मुख्यतः वकिलाती आपल्या सेवांवर जे शुल्क आकारतात त्यातून उभा राहतो. म्हणजे अडचणीतल्या कामगाराला मदत मिळते ती त्याच्यासारख्यांनीच भरलेल्या पैशातून, आणि तिचा हिशेब मागणे हा कोणाचा उपमर्द नव्हे.

कर्मचारीसंख्येचा प्रश्न २०१६ साली शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने सविस्तर मांडला. एवढ्या मोठ्या देशाच्या परराष्ट्र सेवेत मंजूर पदे नऊशेच्या आसपास, आणि भरलेली त्याहूनही कमी. हा अहवाल किती जणांनी वाचला? सभागृहात बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या अखेरच्या दिवशी ‘गिलोटिन’खाली चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. परराष्ट्र खात्याची पाळी तर क्वचितच येते.

१९९३ पासून या खात्याला स्वतंत्र स्थायी समिती आहे. तिची शिफारस बंधनकारक नाही, मात्र सरकारला उत्तर द्यावेच लागते, आणि त्यावर समिती कार्यवाही अहवाल काढते. त्यात उत्तरांची चार प्रकरणे असतात : सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या, ज्यांवरचे उत्तर समितीला पटले नाही अशा, आणि अंतिम उत्तर न आलेल्या. हे अहवाल लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. जीपांवर पुढचा धागा लिहिण्याआधी त्यांतले शेवटचे प्रकरण उघडावे.