सहीचे मोल

महाविद्यालयाचा अभ्यासक्रम संपत आला म्हणजे विद्यार्थ्याच्या व त्याच्या आईबापांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. तो हा की, पुढे नोकरी कोणती? प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याच्या आधीचा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो असा की, ज्या कागदावर आपण सही करतो तो या तरुणास किंवा तरुणीस वाचता येतो काय?

पदवीधरास वाचता येते काय, असे विचारणे कित्येकांस हास्यास्पद वाटेल. त्यांनी इतिहासाचे एक पान पाहावे. ता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. त्यांचा रोख मुख्यत्वे कर्जरोख्यांवर व हिशेबाच्या वह्यांवर होता. हाती आले ते कागद त्यांनी जाळले. ज्या रोख्यांवर निशाणी केली त्यांत काय लिहिले आहे, हे त्यांतील बहुतेकांस वाचता येत नव्हते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांकरिता कायदा झाला, त्यात असे रोखे ग्रामनिबंधकासमोर करावेत अशी तजवीज करावी लागली. त्या शेतकऱ्यास अक्षरओळख नव्हती, म्हणून तो फसला. पण आजचा पदवीधर मोबाइलच्या पडद्यावरील अटी न वाचता ‘मान्य’ या शब्दावर बोट टेकवितो, तेव्हा त्याच्या बोटात व त्या निशाणीत फरक तो कोणता?

त्याच १८७५ साली सज्ञानतेचा कायदा झाला. त्यान्वये अठरा वर्षे पुरी झालेली व्यक्ती सज्ञान मानली जाते. म्हणजे महाविद्यालयात असतानाच आपली सही आपणांस बांधू लागते. भिडेखातर मित्राच्या कर्जास जामीन राहणारे पुष्कळ आढळतात. परंतु भारतीय करार कायद्याचे (१८७२) १२८ वे कलम सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. तसेच दरमहा ३ टक्के व्याज ऐकावयास लहान वाटते. पण ते महिन्याच्या महिन्याला मुदलात मिळत गेले, तर १०,००० रुपयांचे वर्षाअखेर सुमारे १४,२५८ रुपये होतात. विद्यार्थिमित्रहो, चक्रवाढ व्याजाची उदाहरणे तुम्ही शाळेत सोडविता ती केवळ परीक्षेपुरती नव्हेत.

आता दोन शब्द आईबापांस. पुष्कळ घरांत अर्ज, बँकेचे खाते, शिक्षणासाठी काढलेले कर्ज हे सर्व वडीलच उरकतात, आणि मुले ‘येथे सही कर’ एवढे ऐकून सही करतात. हप्ते केव्हा सुरू होणार, तोपर्यंत व्याज चढते की नाही, हे त्यांस ठाऊकही नसते. ही माया खरी. पण तिच्यामुळे मूल कायद्याने सज्ञान होऊनही व्यवहारात अज्ञानच राहते. निदान शेवटच्या वर्षी तरी प्रत्येक कागद त्याच्या हाती द्यावा, मोठ्याने वाचावयास सांगावे, अर्थ विचारावा व मगच सही करू द्यावी. उद्या नोकरीनिमित्त ते परगावी खोली घेईल, तेव्हा वडील जवळ असणार नाहीत. भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा, असे महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो. तो करार त्याला स्वतःच वाचावा लागेल.

कागद वाचीत बसल्यास समोरच्या गृहस्थास अविश्वास वाटेल, अशी शंका कोणी काढील. ती निराधार आहे. सही म्हणजे वचन होय. आपण काय कबूल केले हेच ज्यास ठाऊक नाही, तो वचन पाळणार कसे? वाचून, विचारून, न पटल्यास ‘नाही’ म्हणून जो शेवटी सही करतो, त्याच्याच सहीवर जग विसंबून राहते. पदवीच्या कागदावर विद्यापीठाची सही असते. त्यानंतरच्या कागदांवर तुमची असावयाची आहे. तिचे मोल राखण्याचा अभ्यास आजपासूनच सुरू करा.